परवचा आणि त्यापुढें

‘मुलगा हुषार आहे, वाचन चांगलें आहे, पण गणित म्हटलें कीं त्याच्या पोटांत गोळा येतो,’ ही तक्रार ज्या घरांत कधींच ऐकूं आली नाहीं असें घर विरळाच. तक्रार करणारे पालक बहुधा सुशिक्षित असतात; मुलाच्या अभ्यासाकडे त्यांचें लक्ष असतें, शिकवणीचे पैसेहि ते न कुरकुरतां भरतात; आणि तरीहि चौथी-पांचवीच्या सुमारास मुलाचें व गणिताचें बिनसतें तें बिनसतेंच. आम्हीं जन्मभर याच वयाच्या मुलांस शिकविलें. त्या अनुभवावरून आमचें असें मत झालें आहे कीं, या दुराव्याचें मूळ मुलाच्या बुद्धींत क्वचित् असतें. बहुतेक वेळां तें सरावाच्या अभावांत, किंवा सरावाच्या चुकीच्या रीतींत असतें. आणि सराव करून घेण्याची खरी जागा घर ही होय. भरल्या वर्गांत एकेका मुलाच्या वांट्यास शिक्षकाचीं किती मिनिटें येतात, हें ज्यानें वर्ग सांभाळला आहे त्यास विचारावें.

तिसरीपासून सहावीपर्यंतचीं वर्षें या दृष्टीनें फार नाजूक. पहिली-दुसरींत मूल मोजतें, मिळवितें, वजा करतें. हें सारें बोटांवर भागतें. तिसरी-चौथींत गुणाकार-भागाकार येतात आणि बोटें अपुरीं पडतात. त्यापुढें अपूर्णांक व दशांश येतात, आणि मुलानें मनाशीं बांधलेले नियमच मोडूं लागतात. गुणिलें म्हणजे संख्या वाढते असें तें समजून चाललेलें असतें, तों अर्ध्यास अर्ध्यानें गुणिलें असतां पाव उरतो! अशा वेळीं ज्याचा हात धरणारें घरीं कोणी असतें तें मूल सांवरतें; ज्याचा कोणी धरीत नाहीं तें ‘मला गणित येत नाहीं’ असा निकाल स्वतःच देऊन मोकळें होतें. दहाव्या वर्षीं दिलेला हा निकाल पुढें फिरविणें फार जड जातें, आणि त्याबरोबर पुढील शिक्षणाचे किती दरवाजे बंद होतात हें सांगावयास नको.

घरांतून गणित गेलें कोठें?

दिवेलागणीस देवापुढें शुभंकरोति झाली कीं मुलांनीं ओळीनें बसून परवचा म्हणावयाचा, ही चाल आमच्या लहानपणीं पुष्कळ घरांत होती. आमच्या वडिलांच्या पिढीस तर पाढ्यांच्या मागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सारी रांग म्हणावी लागे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर. या व्यवहारांत पावकी-दिडकीवांचून वाण्याच्या दुकानांतलें पान हालत नसे. १९५७ सालच्या एप्रिलच्या १ तारखेस दशमान नाणीं आलीं, त्यामागोमाग किलो, लिटर व मीटर आले, आणि त्या अपूर्णांकांच्या पाढ्यांची निकड संपली. झालें तें योग्यच झालें.

परंतु पुढें आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. भाजीवाल्याचा तराजू जाऊन आंकडे दाखविणारा कांटा आला. दुकानदाराची तोंडी बेरीज जाऊन छापील पावती आली. आणि हल्लीं तर मोबाईल पुढें केला कीं पैसे चुकते होतात, हातांत मोड परत येत नाहीं. हिशेब व्हावयाचा तो होतोच, पण तो मुलाच्या डोळ्यांआड होतो. पूर्वीं नोट मुठींत धरून कोथिंबीर-लिंबें आणावयास गेलेलें मूल वाटेंत एक बेरीज आणि एक वजाबाकी आपोआप करीत असे. आज तेंच मूल कांहीं न मोजतां परत येतें. जो सराव पूर्वीं फुकट मिळत असे तो आतां घरच्या मंडळींनीं जाणूनबुजून द्यावयास पाहिजे. आठवड्यांतून दोनदां तरी मुलाच्या हातीं रोख पैसे देऊन त्यास बाजारास धाडावें आणि घरीं आल्यावर हिशेब तोंडी मागावा. आम्ही परवच्याची आठवण काढतों ती केवळ जुन्याच्या प्रेमानें नव्हे, हें येथें स्पष्ट केलेलें बरें.

पाठांतर हवें, पण किती?

पाठांतर म्हणजे घोकंपट्टी, तिनें बुद्धि मंदावते, असें म्हणणारा एक पक्ष आहे. पाढे तोंडपाठ झाले कीं गणित आलेंच, असें मानणारा दुसरा आहे. आमच्या मतें दोन्ही पक्ष अर्धेंच बोलतात. लांबलचक भागाकार करतांना ज्यास ‘सात आठे’ किती हें दर खेपेस बोटांवर मोजावें लागतें, त्याचें चित्त त्या मोजण्यांतच गुंततें आणि भागाकाराची पायरी हातची निसटते. पाढा पाठ असला म्हणजे मन मोकळें राहतें, व तें मोकळें मन विचाराकडे लावतां येतें. पाठांतराचा उपयोग एवढाच, पण तो मोठा आहे.

आतां पाठ करावयाचें तरी किती? एकापासून दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत, हें ऐकूनच मूल दबकतें. परंतु एक, दोन, पांच व दहा यांचे पाढे मुलास सहसा लवकर येतात. ते बाजूस काढले म्हणजे तीन, चार, सहा, सात, आठ व नऊ या सहाच संख्यांचे परस्परांशीं गुणाकार उरतात. ते छत्तीस. त्यांतहि सात आठे आणि आठ साते एकच. म्हणजे निराळे असे केवळ एकवीस. ते एकवीस गुणाकार एकेका चिठ्ठीवर लिहावे, आलेली चिठ्ठी वेगळ्या डबींत टाकावी, आणि न येणाऱ्यांपैकीं रोज दोन-तीनच घोळाव्या. एका डबींतून दुसऱ्या डबींत चिठ्ठ्या जातांना पाहून मुलास जो धीर येतो, तो कोणत्याहि उपदेशानें येत नाहीं.

या एकविसांतूनहि नवाचे सहा गुणाकार आपल्या भाषेनेंच सोपे करून ठेविले आहेत. एकोणतीस हा शब्द पाहावा. संस्कृतांत ‘ऊन’ म्हणजे उणा. एक उणा तीस तो एकोणतीस. नव्याण्णव वगळतां एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत सर्व शब्दांत ही वजाबाकी बोलून दाखविलेली आहे. मुलास हें उकलून सांगितलें कीं नऊ आठे म्हणजे ऐंशींत आठ उणे, अर्थात् बाहत्तर, हें तें आपण होऊन काढतें. मग एकोणतीस सक विचारावें: तीस सक एकशें ऐंशी, त्यांतून सहा गेले, एकशें चौऱ्याहत्तर. ज्या शब्दाची मुलास भीति वाटते तोच शब्द अशा रीतीनें त्याचा वाटाड्या होतो.

मात्र मराठी संख्यानामांत एक अडचणहि आहे, ती वडील मंडळींनीं ओळखावी. त्रेपन्न म्हणतांना तीन आधीं ऐकूं येतात व पन्नास मागून. म्हणून कित्येक मुलें ५३ च्या ठिकाणीं ३५ लिहितात. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली गेली तेव्हां केवढा गदारोळ झाला हें वाचकांस स्मरत असेलच. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. घरीं मात्र ‘त्रेपन्न, म्हणजे पन्नास आणि तीन’ असें दोन्ही प्रकारें म्हणवून घ्यावें. इंग्रजी माध्यमांतील नातवास ‘एकोणसत्तर’ कळला नाहीं म्हणून आजोबांनीं कपाळास हात लावूं नये. तीच संख्या दोन्ही भाषांत म्हणण्याचा खेळ करावा.

‘किती?’ नंतर ‘कसें?’

आतां आमच्या सांगण्याचा गाभा. बहुतेक घरांत मुलास एकच प्रश्न विचारला जातो: ‘उत्तर किती आलें?’ बरोबर आलें तर शाबासकी, चुकलें तर डोळे वटारणें, आणि प्रकरण तेथेंच संपतें. आमचें सांगणें असें कीं, उत्तर बरोबर येवो कीं चूक येवो, दुसरा प्रश्न अवश्य विचारावा: ‘कसें काढलेंस?’

ही दृष्टि आधुनिकांनींच शोधून काढली असें कोणी समजूं नये. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं सिद्धान्तशिरोमणि रचिला, त्यांतील पाटीगणिताचा भाग म्हणजे लीलावती. त्या ग्रंथाच्या आरंभींच नाण्यांचीं व मापांचीं कोष्टकें आहेत: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे बाजार आधीं आणि बेरीज मागाहून! पुढें गुणाकाराचें उदाहरण येतें तें एका बालिकेस उद्देशून: १३५ यांस १२ नीं गुणिलें असतां काय येईल? आणि या एका गुणाकारास तेथें एक सोडून अनेक रीती लाविल्या आहेत. बारांचे आठ आणि चार असे भाग करावे: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. बारा म्हणजे तीन चोक. म्हणून चारांनीं गुणून ५४० आणावे, त्यांस तिनांनीं गुणावें: १६२०. स्थानांप्रमाणें दहा व दोन असें फोडावें: १३५० आणि २७०, पुन्हां १६२०. अथवा बारांत आठ मिळवून सोयीचे वीस करावे, २७०० आणावे, व मिळविलेल्या आठांचे १०८० वजा करावे: तरीहि १६२०.

हेंच उदाहरण आज रात्रीं घरांतील मुलांपुढें ठेवावें. एकाच गांवास चार वाटा जातात हें मुलानें एकदां डोळ्यांनीं पाहिलें कीं, वाट चुकण्याची त्याची भीति पुष्कळशी जाते. कारण एक वाट विसरली तर दुसरी धरतां येते, आणि एकीनें आलेलें उत्तर दुसरीनें पडताळतां येतें.

‘कसें?’ या प्रश्नाबरोबर अजमासाचीहि संवय लावावी. उदाहरण सोडविण्यापूर्वींच विचारावें: उत्तर साधारण केवढें येईल? ३९८ गुणिलें ५ म्हणजे चारशें पंचे दोन हजारांच्या किंचित् आंत. कांहीं मुलें हातचा विसरून ४०, ४५ व १५ हे आंकडे नुसते शेजारीं मांडतात आणि १५४५४० असें उत्तर बेधडक लिहितात. ज्यानें आधीं ‘दोन हजारांच्या आंत’ असें म्हटलें आहे तो मुलगा ती चूक आपली आपण पकडतो. चूक दुसऱ्यानें दाखविण्यांत अपमान आहे. आपण पकडण्यांत आनंद आहे.

एका घरांत दोन रीती

एकत्र कुटुंबांत शिकविणारे पुष्कळ, हा जसा लाभ आहे तसा धोकाहि आहे. बावन्नांतून सत्तावीस वजा करावयाचे आहेत. शाळेंत शिकविलेलें असतें कीं, पांच दशकांतील एक दशक सुटा करावा. म्हणजे चार दशक व बारा एकक होतात. बारांतून सात गेले पांच, चारांतून दोन गेले दोन, उत्तर पंचवीस. काकांची जुनी रीत निराळी: वरच्या दोनांस दहा दिले, बारांतून सात गेले पांच; दिलेल्या दहांबद्दल खालच्या दोनांत एक हातचा मिळविला, तीन झाले; पांचांतून तीन गेले दोन. उत्तर तेंच. पण दोघांनीं एकाच संध्याकाळीं आपापली रीत खरी म्हणून ठांसली कीं मूल एक पायरी हिची आणि एक तिची अशी खिचडी करतें, आणि दोघांचेंहि बोलणें खातें.

म्हणून नियम असा असावा: मूल शाळेंत जी रीत शिकत आहे ती पक्की होईपर्यंत घरीं तीच चालवावी. ती पक्की झाल्यावर मग जुनी रीत कौतुकानें दाखवावी, आणि ती कां बरोबर येते हेंहि सांगावें. आजोबा व नातू यांच्या वयांतील अंतर दहा वर्षांनीं बदलतें काय? दोघांचीहि दहा वर्षें वाढतात, अंतर तेंच राहतें. जुन्या रीतींत वरच्या व खालच्या दोन्ही संख्यांस दहा मिळविले जातात, एवढेंच तिचें रहस्य.

भाकरीचा चतकोर व कांट्यावरचा दशांश

अपूर्णांकांत मुलें ज्या चुका करतात त्या वेड्यावांकड्या नसतात; पूर्ण संख्यांचे नियम तीं प्रामाणिकपणें पुढें चालवितात. आठ हे चारांहून मोठे, म्हणून एक-अष्टमांश हा एक-चतुर्थांशाहून मोठा, असें त्यांस वाटतें. यावर फळ्यापेक्षां ताटांतली भाकरी बरी. एका भाकरीचे चार चतकोर करावे, दुसरीचे आठ तुकडे करावे, आणि भुकेल्या मुलास विचारावें कीं कोणता तुकडा घेतोस? छेद वाढला कीं तुकडा लहान होतो हें त्यास मग वेगळें सांगावें लागत नाहीं.

बेरजेंतहि तेंच. १/२ व १/४ यांची बेरीज मुलें वर वर, खालीं खालीं मिळवून २/६ अशी करतात. रागावूं नये. अर्धी भाकरी खाल्ली आणि वर चतकोर खाल्ली. २/६ म्हणजे तिसरा हिस्सा, तो तर अर्ध्याहूनहि कमी! जास्त खाऊन कमी कसें झालें, हें कोडें त्याच्यापुढें टाकून स्वस्थ बसावें. थोड्या वेळानें तें स्वतःच ‘पाऊण’ म्हणेल. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेतीन हे शब्द मुलाच्या कानांवर घड्याळामुळें व स्वयंपाकघरामुळें असतातच. त्यांचा आणि पुस्तकांतील अपूर्णांकांचा संबंध जोडून द्यावयाचा असतो, इतकेंच. येथें माउलींचें साहाय्य मोलाचें आहे. चार माणसांस दीड वाटी तांदूळ लागतात, आज पाहुणे धरून दहा पानें आहेत, तर किती घ्यावे? पावणेचार वाट्या हें उत्तर ज्या मुलानें काढलें त्याच्याच हातून तांदूळ मोजवून घ्यावे.

दशांशांत मुलें ०.३५ हे ०.५ हून मोठे मानतात, कारण पस्तीस पांचांहून मोठे. पूर्वीं हें पैशांनीं समजावितां येई, परंतु आज पैशाचें नाणें मुलांच्या हातीं पडत नाहीं; चार आणे व त्याखालचीं नाणीं तर २०११ सालींच चलनांतून गेलीं. मात्र ज्या कांट्यानें तोंडी हिशेब नेला तोच येथें कामास येतो. त्यावर ०.३५० आणि ०.५०० असे आंकडे दिसतात. एक साडेतीनशें ग्राम, दुसरा अर्धा किलो. शिंप्याची फीत घरीं असेल तर अर्धा मीटर व पस्तीस सेंटिमीटर शेजारीं धरून दाखवावे. शंका राहत नाहीं.

करमणुकींतून सराव

एकाच साच्याच्या वीस वजाबाक्या वहींत घालून दिल्या तर मूल कंटाळतें. त्या वीस वजाबाक्या त्यानें आपखुषीनें कराव्या अशी युक्ति एका मराठी शिक्षकानेंच देऊन ठेविली आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीस शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं दाखविलें कीं, सर्व अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हां हीच क्रिया करावी. फार तर सात खेपांत ६१७४ ही संख्या येते, आणि मग तीच येत राहते. ३५२४ घ्या. ५४३२ उणे २३४५, राहिले ३०८७. ८७३० उणे ०३७८, राहिले ८३५२. ८५३२ उणे २३५८, राहिले ६१७४. लहान मुलांनीं तीन अंकी संख्या घ्यावी. तेथें ४९५ येतात. ज्याचें उत्तर तेथें पोंचत नाहीं त्याची कोठें तरी वजाबाकी चुकली आहे, आणि ती चूक तें मूल चिकाटीनें स्वतःच हुडकीत बसतें.

रांगोळीचे ठिपकेहि असेच उपयोगी. एक, तीन, पांच, सात, पांच, तीन, एक अशा ओळी मांडून एकूण ठिपके न मोजतां विचारावे. पहिल्या चार ओळींचे सोळा म्हणजे चार चोक, उरलेल्या तिनांचे नऊ म्हणजे तीन त्रिक, एकूण पंचवीस. ओळी वाढविल्या तर पुढें काय, हें मुलीस विचारून पाहावें. पत्त्यांचीं दोन पानें उलटून त्यांचा गुणाकार सांगण्याचा डावहि घरांत सर्वांस खेळतां येतो; मात्र लहान मुलास विचार करण्यास अवधि द्यावा, कारण शर्यतीच्या धाकानें येणारें उत्तरहि अडतें.

वडील मंडळींस चार शब्द

सराव रोज असावा आणि थोडा असावा. रविवारीं दोन तास कोंडून बसविण्यापेक्षां रोजचीं पंधरा मिनिटें शतपट बरीं. त्या पंधरा मिनिटांत आजचा धडा थोडा आणि मागचे दोन-तीन धडे मिसळून असावे. नाहीं तर सारीं उदाहरणें गुणाकाराचींच आहेत हें ओळखून मूल न वाचतांच गुणूं लागतें.

चूक झाली असतां ती कोणत्या जातीची हें आधीं पाहावें. घाईची असेल तर पुन्हां वाचावयास सांगावें. पाढा न आठवल्याची असेल तर ती चिठ्ठी पहिल्या डबींत परत टाकावी. समजुतीची असेल तर मात्र वही मिटून भाकरी, फीत किंवा कवड्या हातीं घ्याव्या. तिन्ही चुकांस एकच औषध म्हणून पन्नास उदाहरणें घालणें हा अन्याय होय. मुलाच्या हातांतील पेन्सिल आपण घेऊं नये.

‘मलाहि गणित कधीं आलें नाहीं’ असें मुलांदेखत म्हणूं नये. २०१५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत पहिली-दुसरीच्या मुलांविषयीं असें आढळलें कीं, ज्या पालकांस स्वतःस गणिताची धास्ती असते ते वारंवार गृहपाठास बसले असतां मुलांची गणितांतील प्रगति उलट कमी होते. अशा घरीं ज्या काकूस किंवा आतेस आंकड्यांची आवड असेल तिनें हें काम घ्यावें. एकत्र कुटुंबाचा हाच तर लाभ. आणि मुलगी आहे म्हणून गणितांत थोडें कमी चालेल, असा विचार कोणाच्या मनांत डोकावत असेल तर त्यानें इतकेंच आठवावें कीं, आठशें वर्षांहून जुना आपला सर्वांत प्रसिद्ध गणितग्रंथ एका स्त्रीच्या नांवानें ओळखला जातो.

चाळीसगांवाजवळ पाटण येथें १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिल्याची हकीकत त्यांत कोरलेली आहे. भास्कराचार्य स्वतः आपले पिते महेश्वर यांच्यापाशीं शिकले होते. इतकी मोठी विद्या आपल्या घरीं नसेल. पण सव्वा, दीड, एकोणतीस, चतकोर आणि हातचा एवढें तर प्रत्येक घरीं आहे. तें आजोबांकडून नातवंडांकडे जाण्यास रोजचीं पंधरा मिनिटें पुरेशीं आहेत. ज्यांच्या घरीं चौथी-पांचवीचें मूल आहे त्यांनीं उद्यांची वाट न पाहतां एकवीस चिठ्ठ्या आजच लिहून ठेवाव्या, आणि पहिलें उत्तर आल्यावर ‘कसें काढलेंस?’ हें विचारावयास विसरूं नये.